थ्रीडी ड्रॉईंगची बाळबोध लिपी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाचे जुने अंक ई-स्वरूपात आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. कपाटात सीड्या होत्या, त्यावर वर्डच्या फाईली होत्या. म्हटलं, सोपं आहे, कॉपी करायचं आणि लावायचं. पहिली फाईल उघडली तर पानभर रोमन अक्षरं, मध्येच डॉलरची चिन्हं, उलटे कंस. कुणाची तरी कविता होती ती! ज्या फॉन्टमध्ये टाईप केली होती तो फॉन्ट आता कुणाकडेच नाही. फाईल शाबूत, मजकूर गायब. छापील अंक होते म्हणून आम्ही वाचलो. तिघींनी बसून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केलं.

त्याच सुट्टीत घरी जवळजवळ हाच प्रकार झाला, पण तिथं कविता नव्हती, पंपाचं केसिंग होतं. त्यातून जे समजलं ते मराठीच्या विद्यार्थ्यांनाही कळेल असं लिहून बघते. चुकलं तर आमचा दादा ओरडेलच.

माझे पप्पा पॅटर्नमेकर. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पॅटर्न म्हणजे जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेलं बीड ओततात. आता दादा कॉम्प्युटरवर डिझाईन करतो आणि मशीनवर पॅटर्न कापतो. बारा वर्षांपूर्वीच्या एका पार्टीचा अचानक फोन आला. त्यांच्या जुन्या पंपाची केसिंगं फुटली होती, तशीच सहा नवी हवी होती. "पॅटर्न आहे ना?" पॅटर्न होता, पण माळ्यावरून काढला तर वाळवीनं अर्धा खाल्लेला. जो मुलगा तेव्हा डिझाईन करायचा तो केव्हाच आखातात गेला. उरल्या होत्या एका जुन्या हार्डडिस्कवरच्या दोन फाईली.

पहिली फाईल ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती ते आता आमच्याकडे नाही. नव्यानं घ्यायचं तर वर्षाचा परवाना त्या सहा कास्टिंगच्या कमाईपेक्षा महाग. दुसऱ्या फाईलच्या नावापुढे टिंब आणि एसटीपी अशी अक्षरं होती. दादानं फ्रीकॅड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली आणि गोगलगायीसारखं वळलेलं केसिंग पडद्यावर उभं राहिलं. पप्पा मागून बघत होते. "आली की!" एवढंच म्हणाले.

मला उत्सुकता वेगळीच. मी तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडली. आधीच्या फाईलवर हा प्रयोग केला होता, तेव्हा नुसता कचरा दिसला होता. इथे मात्र ओळी होत्या, वाचता येणाऱ्या. पहिल्या ओळीत फाईलनं स्वतःची ओळख दिली होती: आयएसओ-१०३०३-२१. मग हेडर नावाचा भाग, त्यात फाईलचं नाव, तारीख, कुठल्या सॉफ्टवेअरनं बनवली ते. त्याखाली डेटा, आणि त्यात नंबर घातलेल्या हजारो ओळी. मूळ फाईलमध्ये रोमन कॅपिटल अक्षरं असतात, मी इथे देवनागरीत उतरवते:

#१२ = कार्टेशियन_पॉइंट('', (०., ०., ०.));
#१३ = डायरेक्शन('', (०., ०., १.));
#१४ = डायरेक्शन('', (१., ०., ०.));
#२० = ॲक्सिस२_प्लेसमेंट_३डी('', #१२, #१३, #१४);
#२१ = सिलिंड्रिकल_सरफेस('', #२०, २५.);

बघा, हे वाचता येतं. बाराव्या ओळीत एक बिंदू आहे. तेराव्या आणि चौदाव्या ओळीत दोन दिशा, एक सरळ वर, एक आडवी. विसावी ओळ म्हणते, त्या बिंदूवर उभे राहा आणि या दोन दिशा धरा. एकविसावी म्हणते, तिथे २५ त्रिज्येचा गोल नळीसारखा पृष्ठभाग आहे. म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाचं भोक. बऱ्याच ओळी अशा दुसऱ्या कुठल्यातरी ओळीकडे बोट दाखवतात. असे पृष्ठभाग, त्यांच्या कडा, कडांची टोकं, आणि कोण कुणाला चिकटलंय याची नोंद, एवढ्यातून अख्खं केसिंग उभं राहतं. या पद्धतीला बाउंडरी रिप्रेझेंटेशन म्हणतात. वस्तू आतून भरलेली आहे हे सांगायला आतलं काही लिहावं लागत नाही. बाहेरची सीमा कुठेही न फाटता पूर्ण बंद होते आणि आत कुठली बाजू ते ठरलेलं असतं, एवढं पुरतं.

मग सगळे याच लिपीत का लिहीत नाहीत? कारण प्रत्येक डिझाईन सॉफ्टवेअरच्या पोटात भूमितीचं गणित करणारा एक गाभा असतो. पॅरासॉलिड, एसिस ही त्यातली गाजलेली नावं. त्या गाभ्याला सोयीची, झटपट वाचता येणारी बंदिस्त फाईल कंपनी आपली आपण ठरवते. नवी आवृत्ती सहसा जुन्या फाईली उघडते, पण जुनी आवृत्ती नवी फाईल उघडत नाही. त्यामुळे एकानं आवृत्ती बदलली की त्याच्यासाठी काम करणाऱ्या सगळ्यांना बदलावी लागते. दहा सॉफ्टवेअरं असतील आणि प्रत्येकाला दुसऱ्याची भाषा थेट कळायला हवी असेल तर नव्वद दुभाषे लागतात. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली तर वीस पुरतात, प्रत्येकाला एक लिहिणारा आणि एक वाचणारा. हा हिशोब दादानं मला कागदावर करून दाखवला. (मी साहित्याची विद्यार्थिनी असले तरी गुणाकार येतो हे त्याला पटत नाही.)

सामाईक भाषेचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९७९ मध्ये बोईंग, जनरल इलेक्ट्रिक, अमेरिकी हवाई दल आणि तिथली सरकारी मानक संस्था अशी मंडळी एकत्र आली आणि १९८० मध्ये आयजेस नावाचा फॉरमॅट प्रसिद्ध झाला. त्या काळातल्या पंच कार्डासारखी त्याची प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, आणि ७३व्या घरात ती ओळ कुठल्या विभागातली याचं अक्षर. कार्डं गेली, ८० घरं राहिली. १९९६ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, तरी आजही कुणी ना कुणी आयजेस फाईल पाठवतंच.

आयजेसचा त्रास असा, की व्यवहारात त्यातून बहुतेकदा सुटे पृष्ठभाग येतात, कोण कुणाला चिकटलंय ते नाही. शिंप्याकडून शर्टाऐवजी कापलेले तुकडे यावेत तसं. मग घेणारं सॉफ्टवेअर ते शिवायला बसतं. एका सॉफ्टवेअरच्या मते हजाराव्या भागाइतकं अंतर म्हणजे "चिकटलेलं", दुसरं त्याहून कितीतरी कडक. तिथे शिवण सुटते. पडद्यावर भाग ठीक दिसतो, पण सीमा बंद झालेली नसल्यामुळे तो भरीव मानला जात नाही, आणि मशीनचा प्रोग्रॅम करताना सगळं घोळात येतं.

म्हणून १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत नव्यानं काम सुरू झालं. त्यातून आलेलं मानक म्हणजे आयएसओ १०३०३, बोलीभाषेत स्टेप. पहिले भाग प्रसिद्ध व्हायला १९९४ उजाडलं. दहा वर्षं! पण त्यांनी एक गोष्ट फार नीट केली, आणि ती आपल्याला, भाषेच्या लोकांना, चटकन कळेल. त्यांनी व्याकरण आणि लिपी वेगवेगळी ठेवली. "पृष्ठभाग" म्हणजे काय, त्याला काय काय असलंच पाहिजे, कशाचं कशाशी नातं चालतं, हे सगळं एक्सप्रेस नावाच्या भाषेत लिहिलं. ते व्याकरण. आणि ते फाईलमध्ये उतरवायचं कसं, कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, हे मानकाच्या २१व्या भागात. ती लिपी. म्हणूनच पहिल्या ओळीत तो २१ आकडा. उद्या कुणाला वेगळ्या लिपीत लिहायचं झालं तरी व्याकरण हलत नाही.

पुढे वेगवेगळ्या धंद्यांसाठी त्याच्या शाखा झाल्या. विमानवाल्यांची एपी २०३, मोटारवाल्यांची एपी २१४. दोन्हीत बरंचसं सारखंच होतं, त्यामुळे २०१४ मध्ये दोघींना एकत्र करून एपी २४२ आली. तिच्यात नुसता आकारच नाही, तर मापांची सूटही अर्थासकट लिहिता येते. म्हणजे "हे भोक ५० मिलिमीटर, दोन शतांश इकडे तिकडे चालेल" ही सूचना आधी चित्रासारखी चिकटवलेली असायची, माणसाला वाचता येणारी, मशीनला नाही. आता ती सूचना नेमक्या त्या पृष्ठभागाला बांधलेली असते आणि मोजणारं मशीन ती थेट घेऊ शकतं. स्कॅन केलेलं पान आणि युनिकोडमध्ये टाईप केलेलं पान यात जो फरक आहे, तोच.

आता तुमच्यापैकी कुणी थ्रीडी प्रिंटर पाहिला असेल तर म्हणाल, त्यासाठी तर एसटीएल फाईल लागते. बरोबर. १९८०च्या दशकात पहिल्या थ्रीडी प्रिंटिंग मशीनबरोबर तो फॉरमॅट आला. त्यात फक्त त्रिकोण असतात. गोल भोकसुद्धा सपाट तुकड्यांचं होतं. आमच्या ५० मिलिमीटरच्या भोकाला ३६ सपाट बाजू दिल्या, तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर ती खऱ्या वर्तुळापासून साधारण एक दशांश मिलिमीटर सरकलेली असते. प्लास्टिकच्या खेळण्यात कळणारही नाही. पण बेअरिंग बसवायच्या बोअरमध्ये शतांश मिलिमीटरवर भांडणं होतात. शिवाय एसटीएलमध्ये माप कशात आहे हेच लिहिलेलं नसतं, ५० मिलिमीटर की ५० इंच, देव जाणे. आणि एकदा त्रिकोण केले की "इथे मूळ वर्तुळ होतं" ही माहिती गेली ती गेली. प्रिंट करायला उत्तम, जपून ठेवायला नाही. दादाचं मत याहून कडक आहे, ते छापण्यासारखं नाही.

फाईली नीट जुळल्या नाहीत तर काय होतं याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे एअरबसचं ए३८० विमान. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरी. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर, फ्रान्समधल्या तुलूझचे पाचव्या आवृत्तीवर. नाव एकच, पण आतून दोन्ही फार वेगळ्या. विमानाच्या सांगाड्यातले बदल आणि वायरिंगच्या डिझाईनमधले बदल एकमेकांशी जुळत राहिले नाहीत. हॅम्बुर्गहून तयार वायरिंग तुलूझला पोचलं आणि बसवताना वायरी आखूड पडल्या! २००६ मध्ये वितरण पुन्हा पुन्हा पुढे ढकलावं लागलं, वरच्या लोकांना खुर्च्या सोडाव्या लागल्या, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. सगळा दोष फाईलींचा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. कामाची घाई, दोन देशांच्या दोन पद्धती हेही त्यात होतं. पण आवृत्त्यांचा वाद तेव्हाच मिटवला असता तर बरंच वाचलं असतं. आपल्याकडे हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, तिथे काम करणाऱ्यांना ही गोष्ट मी सांगायला नको.

विमानवाल्यांची दुसरी अडचण काळाची. एखादं विमान तीस-चाळीस वर्षं उडतं. त्याच्या भागाचं डिझाईन तोवर सापडलं पाहिजे, आणि ते बरोबर आहे हे सिद्धही करता आलं पाहिजे. इतक्या काळात सॉफ्टवेअरच्या कितीतरी पिढ्या होतात. म्हणून युरोप आणि अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी लोटार नावाची पद्धत बसवली, दीर्घकाळ जपणूक आणि पुन्हा वाचन यासाठी. ती स्टेपवर उभी आहे. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. मूळ सॉफ्टवेअरमध्ये असतानाच त्या भागाचं घनफळ, पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्य काढायचा आणि ते आकडे स्टेप फाईलमध्येच लिहून ठेवायचे. वीस वर्षांनी फाईल उघडली की नवं सॉफ्टवेअर तेच आकडे स्वतः काढतं आणि ताडून बघतं. जुळले तर ठीक, नाही तर रूपांतरात कुठेतरी काहीतरी सांडलं.

आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक ग्रंथसंख्या लिहायचे, आठवतंय ना? एकूण मजकूर किती त्याची मोजणी, म्हणजे पुढच्या नक्कल करणाऱ्याची एखादी ओळ सुटली तर कळावं. तीच कल्पना.

एवढं सगळं वाचून स्टेप म्हणजे सर्व दुखण्यांवरचं औषध असं वाटेल. नाही. मूळ फाईलमध्ये डिझाईन कसं घडलं त्याचा क्रम असतो: आधी ठोकळा काढला, मग त्यात भोक पाडलं, भोक नेहमी फ्लँजच्या रुंदीच्या निम्मं राहील असा नियम घातला. रुंदी बदलली की भोक आपोआप बदलतं. स्टेपमध्ये सहसा शेवटचा आकार तेवढा जातो. कवितेचा पक्का खर्डा मिळतो, खाडाखोड मिळत नाही. नुसती नक्कल हवी असेल तर चालतं, बदल करायचे असतील तर पुन्हा डोकं लावावं लागतं. त्यामुळे मूळ फाईल फेकून द्यायची नाही. आणि गंमत म्हणजे ज्या मानकामुळे सगळं खुलं झालं म्हणतो, त्या मानकाचा मजकूर वाचायचा तर संघटनेकडून विकत घ्यावा लागतो, आणि तो काही स्वस्त नाही. ते मला खटकलं.

आता केसिंगचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरी फजिती तिथेच होणार होती. फाईल उघडली, आकार मिळाला, दादा खूश. आता पॅटर्न कापायचा. बीड गार होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. दादानं सवयीनं सगळा आकार एक टक्क्यानं वाढवला आणि मशीनचा प्रोग्रॅम करायला घेतला. पप्पांनी सहज विचारलं, "फ्लँज किती दाखवतंय?" वाढवायच्या आधीचं माप २५२.५ होतं.

पप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "अडीचशेची फ्लँज होती रे ती. पार्टीकडनं विचारून घे."

पार्टीनं फुटलेल्या केसिंगवर व्हर्निअर लावून सांगितलं, २५०. त्या कडेला मशिनिंगही नव्हतं, म्हणजे त्यासाठी जादा सोडलेलं माप असण्याचा प्रश्न नाही. २५० वर एक टक्का चढवला की २५२.५. बारा वर्षांपूर्वीच्या त्या मुलानं आकसणं आधीच धरलं होतं. फाईल केसिंगची नव्हतीच, पॅटर्नची होती! दादानं पुन्हा एक टक्का चढवून कापलं असतं तर सहाही कास्टिंगं अडीच मिलिमीटर मोठी आली असती, भोकांचे सेंटर सरकले असते, आणि ती पंपावर बसलीच नसती. सहा कास्टिंगांचं बीड, लाकूड, मजुरी, सगळं आमच्या अंगावर.

फाईल चुकीची नव्हती. त्यातला प्रत्येक बिंदू बरोबर होता. पण "हे कशाचं चित्र आहे" हे कुठल्याच ओळीत नव्हतं. स्टेपच्या हेडरमध्ये फाईलचं वर्णन लिहायला जागा असते, सुरुवातीलाच. मी नोटपॅडमध्ये पाहिलं होतं. तिथे दोन अवतरण चिन्हं होती आणि मध्ये काहीच नाही. आपल्या जुन्या अंकांच्या सीडीवरही असंच होतं, फाईलींची नावं "फायनल", "फायनल २" आणि "फायनल नवीन". कुठला अंक, कुठलं वर्ष, संपादक कोण, पत्ता नाही.

केसिंगं वेळेत गेली. त्यानंतर दादानं प्रत्येक जॉबचा एक फोल्डर करायला घेतलाय. त्यात मूळ फाईल, स्टेप फाईल, मापांसकट ड्रॉईंगची पीडीएफ, आणि एक साधी टेक्स्ट फाईल: भाग की पॅटर्न, आकसणं धरलंय की नाही आणि किती, माप मिलिमीटरमध्ये, धातू कुठला, घनफळ किती, कुणी काढलं, कधी. स्टेप फाईल बनवली की ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तो घनफळ ताडून बघतो. एक प्रत पेनड्राईव्हवर मावशीकडे असते, कारण आमच्या शेडमध्ये पावसात पाणी येतं.

ती टेक्स्ट फाईल तो इंग्रजीत लिहायचा. पप्पांना ती वाचायला त्रास व्हायचा, म्हणून आता मराठीत, युनिकोडमध्ये. शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आहे. "श्रिंकेज"चा "श्रि" ऱ्हस्व की दीर्घ यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.